‘हुबेहूब’ या विशेषणाविरुद्ध

रामनवमीच्या आसपास चिंचवडच्या एका नाट्यगृहात ‘गीतरामायणा’चा कार्यक्रम ऐकला. जाहिरात ‘बाबूजींच्या मैफिलीची पुनर्निर्मिती’ अशी होती आणि ती खोटी नव्हती. गायक पेटी स्वतः वाजवीत होता. शब्दोच्चार, श्वासाच्या जागा, एखाद्या अक्षरावर क्षणभर रेंगाळून पुढच्या शब्दावर उतरण्याची लकब, सारे सुधीर फडके यांचे होते. मध्यंतरात भेटलेले एक समीक्षक-स्नेही म्हणाले, ‘हुबेहूब! यापुढे बोलायचे काही उरतच नाही.’ प्रस्तुत लेख या उद्गाराच्या उत्तरार्धाविरुद्ध आहे. हुबेहूब म्हटले की बोलायचे उरत नाही हे खरेच. आणि म्हणूनच हा शब्द समीक्षेच्या परिभाषेत ठेवता कामा नये.

कारण पहिला प्रश्न असा की, कशाशी हुबेहूब? ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, काव्य ग. दि. माडगूळकरांचे, संगीत फडक्यांचे. आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नची छप्पन्न झाली आणि १९५६च्या रामनवमीला मालिका संपली. या छप्पन्न गीतांतली बहुतेक गीते कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी आहेत. कौसल्या बोलते, शूर्पणखा बोलते, शबरी बोलते, कुंभकर्णही बोलतो. आकाशवाणीने हे बोलणे निरनिराळ्या कंठांत वाटून दिले होते. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशी ही यादी बरीच लांबते. म्हणजे मूळ प्रयोग हा एका गायकाची मैफल नव्हताच. ती वर्षभर चाललेली एक श्रुतिका होती. बाख्तिनच्या बहुस्वरीयतेवर आपण परिसंवाद भरवले, पण घरोघरच्या रेडिओवर येऊन गेलेली ही बहुस्वरीयता आपल्या अभ्यासक्रमात ‘लोकप्रिय भावगीत’ या रकान्यात पडून राहिली.

पुढे फडके हे सारे एकट्याने रंगमंचावर गाऊ लागले. हा ऱ्हास होता असे मी म्हणणार नाही. एकच माणूस राम, रावण आणि सीता उभी करतो हे आपल्या कीर्तनपरंपरेला नवे नाही. नाट्याकडून कीर्तनाकडे झालेला हा प्रवास होता, आणि रचनाकाराने स्वतः सिद्ध केलेला तो दुसरा पाठ होता. त्याला त्याचा अधिकार आहे. मात्र तो दुसरा पाठ आहे, हे विसरता येत नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणून राजवाड्यांनी तिच्या आधीची प्रत शोधणे थांबवले नव्हते.

तिसरी अवस्था ध्वनिमुद्रिकेची. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात एक भेद केला आहे: चित्राची बनावट प्रत होऊ शकते, पण स्वरलिपीत बांधलेल्या संगीतकृतीची बनावट प्रत संभवत नाही. स्वरलिपीबरहुकूम झालेला प्रत्येक प्रयोग अस्सलच असतो. फडक्यांच्या एकल आवाजातले ‘गीतरामायण’ तबकड्यांवर आणि नंतर कॅसेटवर गेले, तेव्हा ही रचना गुडमन यांच्या पहिल्या वर्गातून दुसरीकडे सरकली नाही. उलट दिशेने सरकली. चाल, लय आणि शब्द एवढीच आता कृती उरली नाही. विशिष्ट दिवशी घेतलेला विशिष्ट श्वासही कृती झाला. आता तिची बनावट प्रत शक्य झाली. बेन्यामिन यांना यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय विरताना दिसले. आपल्याकडे ते पुनरुत्पादनाभोवतीच जमा झाले.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. पिंपरीच्या एका कामगार वसाहतीत मी वाढले. रामनवमीला मंडपातल्या कर्ण्यावर हीच कॅसेट लागे. परवा चिंचवडला एक गीत संपले आणि माझे कान कॅसेटची बाजू उलटल्याचा ‘खट्’ आवाज शोधू लागले. मी मैफल ऐकतच नव्हते. आठवणीतली फीत तिच्या शेजारी लावून जुळवत होते. आजूबाजूचा सुस्कारा नेमका कुठे येत होता, हे पाहिल्यावर सभागृह हेच करीत आहे याविषयी शंका राहिली नाही.

माझा एक एम. ए.चा विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीवर आहे. त्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने ‘गो–नो-गो’ गेजचे उदाहरण दिले. भोकात गेजचे एक टोक गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. एवढ्यावर भाग पास. पण तो पुढे म्हणाला, ‘मॅडम, पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते गेज सांगतो. ड्रॉइंगच बरोबर आहे का, ते नाही सांगत.’ आपल्या रसिकतेविषयी इतके नेमके विधान मी अलीकडच्या मराठी समीक्षेत वाचलेले नाही.

याच विद्यार्थ्याला सत्तरच्या दशकातल्या ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’चे वेड आहे आणि त्याच्यामुळे मला एक दृष्टान्त मिळाला. जेनेसिस या इंग्रज बँडने १९७४–७५मध्ये ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हे दोन तबकड्यांचे कथागीत रंगमंचावर आणले. पीटर गेब्रिएलची वेषांतरे, पाठीमागच्या तीन पडद्यांवर पारदर्शिकांची मालिका. त्या दौऱ्यातल्या प्रयोगाचे संपूर्ण चित्रण मिळत नाही. माँट्रियलच्या ‘द म्युझिकल बॉक्स’ या बँडने हा प्रयोग पुन्हा उभा केला, तोही जेनेसिसची परवानगी आणि मूळ पारदर्शिका मिळवून. ही मंडळी अंती नक्कलच करतात, आणि तिला मी थोर कला म्हणणार नाही. पण नक्कल करण्यापूर्वी त्यांना पुरावे गोळा करावे लागले. तबकडी हाताशी असूनही तबकडी म्हणजे प्रयोग नव्हे, हे गृहीत धरूनच त्यांना कामाला लागावे लागले. आपल्याकडे नेमके उलटे घडते. तबकडी हाच प्रयोग मानला जातो, आणि तिच्यामागचा बहुकंठी प्रयोग कोणाला आठवतही नाही.

‘हे तर स्मरणरंजन, त्यावर गंभीर लेख कशाला?’ असे विचारणारे सहकारी विद्यापीठात आहेत. त्यांच्या तुच्छतेत आणि आमच्या स्नेह्यांच्या ‘हुबेहूब’मध्ये मला फरक दिसत नाही. दोघेही चर्चा एकाच जागी थांबवतात. ज्या नगरीच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी आहे, तिथे तर हे विशेषच खटकते. तुकोबांचा आवाज कोणीच ऐकलेला नाही. म्हणून वारकरी फडांना आणि भजनी मंडळांना चालींचे स्वातंत्र्य राहिले. भीमसेन जोशींच्या अभंगांच्या कॅसेट आल्या, आणि एकादशीच्या कार्यक्रमांत ताना त्याच जागी पडू लागल्या. पुनर्निर्मिती अभ्यासातूनही होते. अशोक दा. रानडे यांनी ‘बैठकीची लावणी’ मंचावर आणली तेव्हा कोणा एका गायिकेची नक्कल करवली नव्हती; एक विस्मृत गानप्रकार समजून घेऊन मांडला होता.

खुद्द ‘गीतरामायणा’च्या संहितेतही याविषयी एक भूमिका आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामकथा गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्यांना ती गाण्याची आज्ञा देतात. म्हणजे रचना संपते तिथे गायनाचा आरंभ होतो. गाणारे कवीचे शिष्य आहेत, त्यांचे वय कोवळे आहे, आवाज त्यांचे स्वतःचे आहेत. समोर बसलेला नायक आपल्याच मुलांना ओळखत नाही. या दृश्यातला सारा ताण, ओळखीचे अजून न ओळखलेले असणे, हाच हुबेहूबपणाने पहिल्या सुराला संपवून टाकला जातो.

चिंचवडच्या त्या कार्यक्रमात उत्तरार्धात शबरीचे गीत आले. गायकाने ते बाबूजींसारखेच गायले, आणि फार चांगले गायले. मागे झांजा घेऊन बसलेल्या, तोवर केवळ साथीचे स्वर देणाऱ्या गायिकेच्या झांजा त्या गीतात थांबल्या होत्या. ओठ मात्र संपूर्ण गीतभर हलत होते. माझ्या जागेवरून तिचा आवाज ऐकू येत नव्हता. नंतर कार्यक्रमपत्रिका चाळली. ‘सहगायन व झांजा’ असे त्यात छापले होते, नाव नव्हते.