पाहुण्याला मुक्कामी न्या

जपानमध्ये नोकरीला असलेल्या मराठी माणसाकडे देशातून मित्र आला की शनिवार-रविवारचा बेत बहुधा ठरलेलाच असतो. पहाटे भाड्याची गाडी घ्यायची, एक धबधबा, एक किल्ला, दोन देवळं आणि जमलंच तर गवती छपरांचं एखादं गाव उरकायचं, आणि रविवारी रात्री अकराच्या सुमारास घरी येऊन पडायचं. यजमानाचे दोन्ही दिवस नेव्हिगेशनच्या पडद्याकडे बघण्यात जातात. पाहुणा शेजारी बसून घरच्या ग्रुपवर फोटो टाकत राहतो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली. आणि या धावपळीला ‘खरा जपान बघितला’ असं म्हणायची पद्धत आहे.

खेड्यातला जपान असा उरकता येत नाही आणि उरकूही नये. दोन दिवस हातात असतील तर एक डोंगर किंवा एक खोरं निवडावं, रात्र तिथेच काढावी आणि शक्य असेल तर गाडीच्या वाटेला न जाता गावच्या बसने फिरावं. पाहुण्याचं त्यात भलं आहेच, गावाचंही आहे.

२०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले. त्यांत भारतीय सव्वादोन लाखांहून अधिक होते. बहुतेकांची पावलं तोक्यो, क्योतो, ओसाका याच वाटेवर पडतात आणि क्योतोच्या सिटी बसमध्ये तिथल्याच रहिवाशांना चढायला जागा मिळत नाही अशी ओरड होते. त्याच देशात २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेल्या वाकायामा प्रांतात हे प्रमाण २१ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे पाचातल्या एका घराला कुलूप. अशा मुलखात दुपारी तीन तास थांबणारा पर्यटक पार्किंगचे आणि एका आइस्क्रीमचे पैसे ठेवून जातो. रात्री राहणाऱ्यासाठी मात्र कुणीतरी भाजी चिरतं, कुणीतरी गाद्या घालतं, कुणीतरी पहाटे उठून भात लावतं. गावात तरुण टिकायचे तर त्यांना ही कामं मिळायला हवीत.

वाकायामाचंच उदाहरण घेण्याला कारण आहे. या प्रांताशी महाराष्ट्र सरकारने २०१३ मध्ये सहकार्याचा करार केला, त्यात पर्यटनही आहे. तरी मराठी सहलींच्या छापील कार्यक्रमात वाकायामाचं नाव सहसा दिसत नाही. फुजी दिसतो, बुलेट ट्रेन दिसते. ओसाकापासून दोन तासांवरचं कोयासान दिसत नाही.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी सुटते. शेवटचा टप्पा ती डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत, बोगद्यांतून जाते आणि गोकुराकुबाशी नावाच्या एकाकी स्थानकावर थांबते. तिथून केबल कार. पाच मिनिटांत ती सव्वातीनशे मीटर वर चढवते. वरच्या स्थानकाबाहेर बस उभी असते आणि तीच पकडावी लागते, कारण गावापर्यंतच्या त्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे. गावाच्या वेशीवर न्योनिन्दो नावाचं एक जुनं लाकडी देऊळ लागतं. कोयासानवर एके काळी बायकांना प्रवेश नव्हता. त्यांनी इथवर यायचं आणि डोंगराच्या कडेने फेरी मारून आतल्या देवळांच्या शिखरांकडे लांबून बघायचं. सरकारने ही बंदी १८७२ मध्ये उठवली, प्रत्यक्षात ती सुटायला आणखी बरीच वर्षं गेली. बस इथे जेमतेम मिनिटभर थांबते आणि बहुतेक प्रवासी मान वर करूनही बघत नाहीत.

कोयासान हे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, डोंगरांच्या वाटीत वसलेलं तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. एवढ्याशा गावात ११७ मठ-मंदिरं आहेत. कूकाई या भिक्षूला ८१६ मध्ये ही जागा मिळाली. तो ८०४ मध्ये चीनला गेला होता. तिथे त्याने तांत्रिक बौद्ध परंपरेची दीक्षा घेतली आणि नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले. ८३५ मध्ये त्याने देह ठेवला असं इतिहास सांगतो. त्याने स्थापलेल्या शिंगोन पंथाचे भाविक तसं मानत नाहीत. त्यांच्या लेखी तो समाधीत बसलेला आहे आणि म्हणून आजही भिक्षू त्याच्यासाठी रोज दोन वेळा जेवण घेऊन जातात, पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला. आळंदीला जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या समाधीकडे जाणारी दोन किलोमीटरची वाट म्हणजे ओकुनोइन. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे उंच जपानी सीडर आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून अधिक स्मारकशिळा. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन इथे हाकेच्या अंतरावर आहेत. ओदा नोबुनागाही आहे. नव्या भागात कंपन्यांची स्मारकं: कॉफीच्या एका प्रसिद्ध कंपनीने दगडी कप-बशी उभारली आहे, विमान-उद्योगातल्या एकीने रॉकेट. वाळवी मारण्याच्या धंद्यातल्या लोकांनी मारलेल्या वाळवीसाठी स्मारक बांधलं आहे. हसू येतं खरं, पण तिथल्या शिळेसमोर हात जोडणारेही दिसतात.

मराठी पाहुण्याने मात्र थांबून बघावं ते इथल्या जुन्या, शेवाळलेल्या पाच थरांच्या दगडांकडे. खाली चौकोनी ठोकळा, वर गोल, त्यावर उतरत्या छपरासारखा दगड, मग अर्धगोल आणि टोकाला कळीसारखा आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक थरावर एकेक अक्षर कोरलेलं असतं, सिद्धम् लिपीतलं. खालून वर वाचत गेलं की अ, व, र, ह, ख. ही लिपी भारतातून चीनमार्गे इथे आली. भारतात ती केव्हाच मागे पडली, इथे ती बाराशे वर्षं दगडावर आणि थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर लिहिली जाते आहे. देवनागरी वाचणाऱ्याला ती लगेच लागत नाही, पण एखादं अक्षर ओळखीचं वाटतं आणि मग पुढच्या प्रत्येक दगडापाशी पाय अडतो. अशा वेळी तीनची बस पकडायची असेल तर सगळं मुसळ केरात.

म्हणून मुक्काम. ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे खूप आहेत आणि ते कोयासान सर्वांत गर्दीच्या वेळी बघतात. चार-साडेचारनंतर गाव रिकामं होतं. पन्नासेक मठांत पाहुण्यांना राहायची सोय आहे. त्याला शुकुबो म्हणतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, नऊच्या सुमाराला दरवाजा बंद, सकाळी सहा-साडेसहाला पूजा. पूजेला बसलंच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते, पण झोपून राहणारा यजमान मित्राचं नुकसान करतो. अंधाऱ्या सभागृहात, धुपाच्या वासात, भिक्षूंचं खर्जातलं पठण अर्धा तास चालतं. गुडघे दुखतात हेही सांगून ठेवलेलं बरं.

जेवण हा तर शाकाहारी पाहुण्याच्या यजमानाला मिळालेला प्रसादच म्हणायचा. जपानमध्ये भाजीच्या साध्या रश्शातही सुक्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी मित्राला घेऊन फिरणं म्हणजे प्रत्येक हॉटेलात जबानी देणं. मठातलं शोजिन र्‍योरी मात्र पूर्ण शाकाहारी. रस्सा समुद्री शेवाळाचा आणि अळिंब्यांचा. कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊसूत गोमा-दोफू मिळतो. नावात तोफू असला तरी त्यात सोयाबीन नसतं, तीळ आणि कुडझूच्या कंदाचं सत्त्व असतं. गोठवून वाळवलेला कोया-दोफू तर याच डोंगराच्या नावाने ओळखला जातो. अट एवढीच की काही चालत नसेल तर ते नोंदणी करतानाच सांगायचं. ताट समोर आल्यावर ‘हे नको, ते चालत नाही’ सुरू करणं आणि बॅगेतून चिवडा काढणं, दोन्ही टाळावं.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ओसाकात वर्षानुवर्षं राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना त्याची कल्पना नसते. पुतळे उभारले जातात, करारांवर सह्या होतात, पण तिथवर कसं जायचं, कुठे राहायचं, जेवणाचं काय, हे चार पानांत मराठीत सांगायचं काम सरकारी खात्यांना फार क्षुल्लक वाटत असावं.

ज्यांचं कोयासान झालं आहे किंवा ज्यांना देवळांपेक्षा चालणं प्रिय आहे, त्यांनी याच प्रांतात आणखी दक्षिणेला कुमानोला जावं. (दोन्ही एकाच शनिवार-रविवारात कोंबू नये. नकाशावर जवळ दिसतात, मध्ये डोंगर आहेत.) इथल्या यात्रेच्या वाटा आणि कोयासान यांना मिळून २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेल्या गावाचं पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको: बसेस येतात, फोटो काढतात, जातात. कुमानोतल्या तानाबे शहराने ते ओळखलं. २००५ मध्ये आजूबाजूची गावं या शहरात विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी पर्यटन कचेरी स्थापन झाली. त्यांपैकी होंगू गावच्या शाळेत पूर्वी इंग्रजी शिकवलेल्या ब्रॅड टॉल या कॅनेडियन माणसाला तिथे कामाला घेतलं. या कचेरीने नवं काही बांधलं नाही. वाटेवरच्या पाट्या एकसारख्या केल्या. बसच्या वेळा इंग्रजीत आणल्या. छोट्या घरगुती खानावळी-लॉज चालवणाऱ्यांना परदेशी पाहुण्याशी चार शब्द कसे बोलायचे ते शिकवलं आणि त्यांच्या खोल्यांची नोंदणी स्वतःच्या संकेतस्थळावर घ्यायला सुरुवात केली. पर्यटनमंत्र्यांनी भूमिपूजन करावं असं यात काहीच नाही, आणि नेमकं तेच कामाला आलं.

वाटेवर दर ५०० मीटरला क्रमांक कोरलेला खांब आहे. पाय मुरगळला तर फोनवर तो क्रमांक सांगायचा. शनिवारी तानाबे स्टेशनवरून बस धरली की दोनेक तासांत होंगूच्या परिसरात पोचता येतं. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि यंत्रातून क्रमांकाचं चिटोरं घ्यायचं. पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखालचं भाडं थांब्यागणिक वाढत जातं. उतरताना बरोबर सुटे पैसे डब्यात टाकायचे. नोटेचे सुटे करून देणारं यंत्रही ड्रायव्हरशेजारीच असतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे बघण्यातच अर्धा तास करमणूक होते. दिवसाला बस मोजक्याच. एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली, आणि चालकांची आधीच वानवा असल्याने देशभर बसफेऱ्या कमी झाल्या. बसमध्ये चार माणसं जास्त बसली तर ती फेरी टिकायला तेवढाच आधार मिळतो.

मुक्काम युनोमिनेला करावा. ओढ्याकाठची दहा-बारा घरं वाटावीत एवढंच गाव, सगळीकडे वाफ आणि गंधकाचा वास. ओढ्यातच एका लाकडी खोपट्यात त्सुबोयू हे गरम पाण्याचं कुंड आहे. चिठ्ठी घ्यायची आणि आपला क्रमांक आला की अर्धा तास ते कुंड फक्त आपलं. कपडे उतरवून चारचौघांत आंघोळ करायच्या कल्पनेने ज्यांची गाळण उडते, त्यांची इथे सुटका आहे. गावाच्या मधोमध उकळतं पाणी साठवलेला एक हौद आहे. शेजारच्या दुकानात जाळीच्या पिशवीत अंडी मिळतात, ती या पाण्यात सोडून कठड्यावर गप्पा मारत बसायचं. गावच्या बायका त्याच पाण्यात भाज्या शिजवतात. दहा-बारा मिनिटांत अंडी होतात, आणि दोन मित्रांच्या पंधरा वर्षांतल्या पहिल्या निवांत गप्पा बहुधा इथेच होतात.

दुसऱ्या दिवशी होश्शिनमोन-ओजी या थांब्यापर्यंत बसने जाऊन होंगूच्या देवळापर्यंत सात किलोमीटर चालायचं. उतार जास्त, चढ थोडा, शाळकरी मुलंही सहज चालतात. वाट चहाच्या मळ्यांमधून, लोकांच्या परसांच्या कडेने जाते. दारात फळ्या टाकून ठेवलेली संत्री, खारवलेली उमे नावाची आंबट फळं, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणीच नाही. होंगूचं मूळ देऊळ नदीकाठी होतं. १८८९ च्या महापुरात त्याचा बराच भाग वाहून गेला आणि उरलेलं टेकडीवर हलवलं. जुन्या जागी आता भातखाचरांच्या पलीकडे ३३.९ मीटर उंचीची पोलादी तोरी, म्हणजे देवळाची कमान, उभी आहे.

या सगळ्यावर आक्षेप घेता येतील. आई-वडील सोबत असतील, गुडघे दुखत असतील तर गाडी लागतेच. मठातला मुक्काम स्वस्तही नाही. आणि एका दिवसाच्या पर्यटनानेही भलं होतं हे याच प्रांतात दिसलं आहे. वाकायामा शहराजवळची १४ किलोमीटरची किशिगावा रेल्वे बंद पडायला आली होती. २००७ मध्ये किशी स्थानकावरच्या तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं, टोपी घातली आणि तिला बघायला लोकांची रीघ लागली. २०१५ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला हजारो माणसं होती. तिथे माणूस तासभरच थांबतो, पण तिकीट काढून रेल्वेने येतो, हे महत्त्वाचं. भाड्याच्या गाडीतून येऊन मांजरीच्या आकाराच्या स्टेशनचा फोटो काढणाऱ्याने त्या रेल्वेला काय दिलं?

राहता राहिला शनिवार. शनिवारच्या रात्री मठ आणि लॉज महिनोन्‌महिने आधी भरतात, दरही चढे असतात. रविवारी दुपारनंतर तीच ठिकाणं ओस पडतात. तेव्हा मित्राचं विमानाचं तिकीट निघालं की यजमानाने आधी साहेबाकडे सोमवारच्या रजेचा अर्ज टाकावा आणि रविवार-सोमवारचा बेत करावा. जपानी ऑफिसात रजा मागताना भारतातून बालमित्र आला आहे एवढं कारण पुरतं. नाहीच पुरलं, तर यात्रेला जातो आहे म्हणून सांगावं, ते खोटंही नाही.