मॅक्रो आधी लिहा, वाचा, मगच चालवा

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. तेच तेच काम उरकण्यासाठी मॅक्रो जरूर वापरा, पण घाईत रेकॉर्ड करून लगेच शंभर ओळींवर सोडू नका. कमांड एका ओळीवर लिहून काढा, वाचा आणि मग चालवा. यात दोन मिनिटं जास्त जातील. बिघडलेली यादी निस्तरायला मात्र अख्खी संध्याकाळ जाते.

रेकॉर्डिंग सोपं असतं, हे मान्य. क्यू आणि ए दाबायचं, काम करायचं, पुन्हा क्यू दाबायचं. दाबलेलं प्रत्येक बटण ‘ए’ रजिस्टरमध्ये साठतं आणि @ नंतर ए दाबलं की तोच क्रम पुन्हा चालतो. त्यात चुकून दाबलेलं बटण येतं, ते सुधारायला दाबलेला बॅकस्पेस येतो, आणि कर्सर उगाच इकडेतिकडे फिरवला असेल तर तेही येतं. आत नेमकं काय साठलंय, हे बहुतेक जण कधी उघडून बघत नाहीत.

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहायला घेतलेल्या व्हीआय या विमच्या पूर्वज एडिटरमध्ये हे रेकॉर्डिंग नव्हतंच. तिथे कमांड मजकुरातच टाइप करायची, ती ओळ नाव दिलेल्या बफरमध्ये उचलायची आणि @ ने तो बफर चालवायचा, अशी रीत होती. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेल्या विममध्ये अशा बफरना रजिस्टर म्हणतात. ती जुनी रीत विममध्ये आजही चालते आणि मी तीच वापरा म्हणतो, कारण तिच्यात कमांड डोळ्यांसमोर राहते.

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या सभासदांची यादी आहे. प्रत्येक ओळ ‘१२. सविता पवार’ अशी, आणि पुढचे आकडे काढून टाकायचे आहेत. रिकाम्या ओळीवर पाच अक्षरं टाइप करा: शून्य, डी, एफ, स्पेस, जे. शून्याने कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, डी-एफ-स्पेसने पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचं खोडलं जातं आणि जे ने कर्सर खालच्या ओळीवर उतरतो. आता ही ओळ ‘ए’ रजिस्टरमध्ये उचलायची. इथेच पुष्कळ जण फसतात. दोनदा वाय दाबून पूर्ण ओळ उचलली, तर ओळीच्या शेवटचा एंटरही सोबत येतो. मग प्रत्येक फेरीला कर्सर एक ओळ जास्त खाली जातो आणि एक सोडून एका सभासदाचा आकडा तसाच राहतो. म्हणून कर्सर ओळीच्या सुरुवातीला ठेवा आणि वाय नंतर डॉलरचं चिन्ह देऊन फक्त मजकूर उचला. काम झालं की ती ओळ यादीतून काढून टाका.

आता हीच कमांड वाचून स्वतःला विचारा: ज्या ओळीला आकडाच नाही, तिचं काय होईल? एखाद्या सभासदाचा पत्ता दुसऱ्या ओळीवर गेला असेल, तर त्या ओळीतला पहिला शब्द गुपचूप खोडला जाईल. ओळीत मोकळी जागाच नसेल, तर कमांडला एररची ठेच लागेल आणि मॅक्रो तिथेच थांबेल. थांबलेला मॅक्रो परवडला, गुपचूप चुकणारा नाही. म्हणून आधी एकदा चालवा, मग तीनदा, मग बाकीच्यांवर सोडा. आणखी चांगलं म्हणजे ग्लोबल कमांड वापरून ‘आकड्याने सुरू होणाऱ्या ओळींवरच हे कर’ असं सांगा. मग शेवटच्या जे ची गरजही उरत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, मराठी कीबोर्ड चालू असताना नॉर्मल मोडमध्ये बटणं दाबली, तर विमला कमांड न मिळता देवनागरी अक्षरं मिळतात. तेव्हा कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, हे आधी बघा. दुसरी, कर्सर अक्षरं मोजून हलवू नका. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत. स्वल्पविराम, मोकळी जागा, ओळीचा शेवट अशा ठोस खुणांपर्यंत जा.

कमांड जमली की तिची नोंद ठेवा. रजिस्टर विम बंद केल्यावरही सहसा टिकतं, पण पुढच्या वेळी त्याच नावाने रेकॉर्ड केलं की जुनं जातं. एक साधी टेक्स्ट फाईल करा. प्रत्येक कमांडच्या वर तिचं काम, आधीची एक ओळ आणि नंतरची एक ओळ लिहा. सहा महिन्यांनी त्या पाच अक्षरांचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही, तेव्हा ही नोंद कामाला येईल.

दुसऱ्याने दिलेल्या कमांडच्या बाबतीत तर फार जपा. मार्च १९९९ मध्ये मेलिसा हा व्हायरस वर्डच्या फाईलमधल्या मॅक्रोतून पसरला आणि आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःलाच पाठवत सुटला. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपोआप रोखायला सुरुवात केली. साध्या टेक्स्ट फाईलपासूनही धोका नाही असं समजू नका. फाईलच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पाच ओळींतल्या मोडलाईनमधून विम सेटिंग वाचतं. २०१९ मध्ये त्यात अशी त्रुटी सापडली, की मुद्दाम तयार केलेली फाईल नुसती उघडली तरी आतली कमांड चालू शकत होती. ती दुरुस्त झाली आहे, पण मोडलाईन लागत नसेल तर बंदच ठेवा आणि विम अपडेट करत राहा. वेबपानावरून उचललेली कमांड थेट टर्मिनलमध्ये टाकू नका. पानावर न दिसणारा मजकूरही कॉपीत येऊ शकतो, म्हणून आधी एडिटरमध्ये पेस्ट करून बघा.

ज्या कमांडमधलं एखादं जरी अक्षर कळत नसेल, ती चालवू नका. आधी हेल्पमध्ये बघा, मग फाईलची कॉपी करून कॉपीवर चालवा. आज कामाला बसाल तेव्हा रोज वापरता तो एक मॅक्रो मजकुरात पेस्ट करा आणि त्यातलं प्रत्येक अक्षर कशासाठी आहे, ते सांगता येतं का बघा. जे सांगता येणार नाही, ते काढून टाका किंवा नीट समजून घ्या.