मागे पडणारे मूल आणि मेंदूचे विज्ञान

चौथीतील एखादे मूल तोंडी हिशेब चटकन सांगते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी कथन करते. परंतु पाठ्यपुस्तकातील परिच्छेद समोर येताच अडखळते. असे मूल मुंबईच्या शाळेत असते, तसेच खुलताबाद तालुक्यातील शाळेतही असू शकते. त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारणे सोपे असते. मेंदूविज्ञानाने हा शिक्का निराधार ठरविला आहे. मात्र ते ज्ञान वर्गापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

बोलणे मूल ऐकून शिकते. वाचनाची तशी उपजत सोय मेंदूत नाही. आकार ओळखणारे आणि ध्वनी ओळखणारे भाग एकमेकांशी जोडण्याचे काम प्रत्येक मुलाला नव्याने करावे लागते. काहींच्या बाबतीत ही जोडणी कष्टाने होते. त्याचा अर्थ बुद्धी कमी असा नव्हे. देवनागरीत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘कि’मधील वेलांटी लिहिताना आधी येते, उच्चारात नंतर, ‘र’ कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी ‘प्र’मध्ये पायाशी जातो, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक असतो तो थोडक्याच वळणाचा. वहीतील चुका केवळ न मोजता त्यांचा प्रकार पाहणाऱ्या शिक्षकाला अडचणीचे मूळ सापडू शकते. ध्वनी व अक्षर यांची सांगड पद्धतशीरपणे शिकविल्यास वाचन सुधारते आणि मेंदूतील क्रियाही बदलते, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले.

साधनेही हाताशी आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी २०१५ साली मराठीसह चार भाषांत उपलब्ध झाली. तिच्यात प्राथमिक शिक्षकांनी वापरावयाची चाळणीही आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली. परंतु सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, आणि हातावर पोट असलेल्या पालकाला त्यासाठी रुग्णालयाच्या खेपा परवडत नाहीत. अक्षमता लवकर लक्षात आलीच नाही, तर दहावीतील सवलतीपर्यंत ते मूल शाळेत टिकणार तरी कसे?

अर्थात, चाळणी म्हणजे निदान नव्हे. दृष्टी, श्रवण, उपासमार, गैरहजेरी ही कारणे आधी तपासली पाहिजेत. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक परके वाटले, तर तो मेंदूचा दोष नव्हे. ‘मेंदू जागृत’ करून देणाऱ्या महागड्या वर्गांचा तर या विज्ञानाशी काडीचाही संबंध नाही.

तेव्हा तातडीची गरज आहे ती दुसऱ्या इयत्तेपर्यंत प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकण्याची, केंद्राच्या शिक्षण परिषदेत या चाळणीचे प्रशिक्षण देण्याची आणि शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून वेळ मोकळा करून देण्याची. हा वेळ शासनाने दिला नाही, तर शास्त्र ग्रंथांत राहील आणि मूल शाळेबाहेर जाईल.