लिफ्ट ही सुविधा नव्हे

गेल्या शनिवारी आईला घेऊन दादरला निघालो होतो. मामेबहिणीकडे बारसं होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारल्याला दोन वर्षं होऊन गेली, त्यामुळे हल्ली आमचं कुठे जायचं-यायचं ते ट्रेनच्या टायमिंगपेक्षा लिफ्टवर जास्त ठरतं. आमच्या उपनगरातल्या स्टेशनावर लिफ्ट आहे. चांगली काचेची वगैरे. (स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या स्टेशनाचं नाव घालून वाचलंत तरी फारसा फरक पडणार नाही.)

तर लिफ्टसमोर साखळी, आणि साखळीला अडकवलेली पाटी. 'लिफ्ट तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाटी छापील होती. तात्पुरत्या गोष्टीसाठी कुणी पाटी छापून ठेवतं तेव्हा काय समजायचं ते आपण समजतोच. आईने जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "राहू दे रे. तू जाऊन ये. त्यांना सांग, बरं नव्हतं म्हणून नाही आली."

याच स्टेशनावरून तिने सव्वीस वर्षं नोकरी केली. आज बिघडली होती लिफ्ट, आणि आजारी ठरली माझी आई.

त्या पाटीवरचा 'गैरसोय' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. गैरसोय म्हणजे पंखा बंद असणं, चहाचा स्टॉल लवकर बंद होणं. प्लॅटफॉर्मपर्यंत पोचताच न येणं याला गैरसोय म्हणत नाहीत. आईपुरतं त्या दिवशी स्टेशन बंद होतं. सगळा घोळ इथेच आहे असं माझं मत आहे. लिफ्ट, रॅम्प, प्लॅटफॉर्मची उंची या सगळ्याला आपण 'प्रवासी सुविधा' म्हणतो. सुविधा म्हटलं की ती दिली तर उपकार, आणि बंद पडली तर क्षमस्व!

आता तुम्ही म्हणाल, शब्दाने काय होतं? होतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या (आताचं प्रभादेवी) पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. तोवर स्टेशनावरचा पादचारी पूलसुद्धा रेल्वेच्या हिशेबात 'प्रवासी सुविधा' या सदरात मोडत होता. म्हणजे पैसे उरले तर बघू, या यादीत. दुर्घटनेनंतर तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केलं की पादचारी पूल यापुढे सुविधा नाही, अत्यावश्यक बाब. मग काय झालं? लष्कराला बोलावलं गेलं आणि एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली अशा तीन ठिकाणचे पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाचेक महिन्यांत, खुले झाले. पूल तोच, रेल्वे तीच, पैसेही तिथलेच. फक्त तो कुठल्या यादीत आहे ते बदललं.

आमच्या धंद्यात हे रोज चालतं. एखादा बग 'एन्हान्समेंट' म्हणून नोंदवला की तो पुढच्या तीन रिलीजमध्ये कुणी उघडूनही बघत नाही. तोच 'क्रिटिकल' केला की रविवारी रात्री माणसं कामाला लागतात. लिफ्ट आजही एन्हान्समेंटच्या यादीत पडून आहे.

जिन्याला दुसरा पर्याय असता तर गोष्ट वेगळी होती. पण जरा हिशेब करा. पूल ओव्हरहेड तारांच्या वरून न्यावा लागतो. म्हणजे प्लॅटफॉर्मपासून साडेपाच-सहा मीटर चढ. त्याच्या झाल्या चाळीसेक पायऱ्या. व्हीलचेअरसाठी १ : १२ उताराचा रॅम्प करायचा म्हटलं तर ६६ ते ७२ मीटर लांब, म्हणजे लोकलच्या तीन डब्यांहून जास्त, वर मध्ये थांबायला सपाट जागा हवी ती वेगळीच. बहुतेक स्टेशनांवर एवढी जागा कुठून आणणार? सरकते जिने व्हीलचेअरच्या कामाचे नाहीत, आणि गुडघे गेलेल्या माणसाला त्यांची धास्तीच वाटते. राहता राहिली लिफ्ट. तिला सुविधा म्हणायचं तर पुलालाही म्हणा.

आणि नुसती लिफ्ट बसवून भागत नाही. घर ते ऑफिस ते घर असा एक दिवस धरा. सकाळी रस्त्यावरून पुलावर एक लिफ्ट, पुलावरून प्लॅटफॉर्मवर दुसरी. उतरल्यावर तिथे आणखी दोन. संध्याकाळी प्लॅटफॉर्म बदलतात, म्हणून दोन्ही स्टेशनांवर एकेक नवी लिफ्ट. झाल्या सहा. समजा प्रत्येक लिफ्ट १०० पैकी ९५ वेळा चालू असते. (हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय, आणि बराच उदारपणे धरलाय.) सहाच्या सहा चालू असण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे ७३ टक्के. महिन्यात पंचवीस कामाचे दिवस धरले तर साडेसहा दिवस तुम्ही कुठेतरी अडकणार. ९८ टक्के धरलं तरी महिन्याला तीन दिवस. महिन्यातून तीनदा 'लिफ्ट बंद होती' असं सांगणाऱ्या माणसाला तुमच्या कंपनीत किती दिवस ठेवतील ते तुम्हीच सांगा. कुठल्या स्टेशनावर किती लिफ्ट बसवल्या याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या आज किती चालू आहेत याची बातमी कधी वाचलीत?

बरं, प्लॅटफॉर्मवर पोचलो. पुढे फट आहे. ११ जानेवारी २०१४ ला घाटकोपर स्टेशनावर सोळा वर्षांची एक कॉलेजची मुलगी गाडी पकडताना घसरून या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली, आणि मग स्टेशनास्टेशनांवर प्लॅटफॉर्म ९०० मिलीमीटरच्या वर उचलण्याचं काम झालं. पण प्लॅटफॉर्म मुळात खाली का जातो? पावसाळ्यात पाणी साचतं म्हणून रूळ उचलतात. खडी नवीन टाकली की रूळ थोडे वर येतात. प्लॅटफॉर्म मात्र जागच्या जागी. पाण्याचा बग सोडवताना फटीचा बग परत आला, आणि तो येणार हे तपासणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं! त्यात वळणावरचा प्लॅटफॉर्म असेल तर फट आणखी रुंद. उंची वाढवली तरी डब्यात चढायला पायरी उरतेच, आणि गाडी थांबते वीस-तीस सेकंद. तेवढ्यात काठीवाल्याने, व्हीलचेअरवाल्याने स्वतःसाठी राखीव असलेला डबा गाठायचा आणि चढायचं. स्टंटबाजी म्हणून आपण पोरांना नावं ठेवतो, इथे तर रेल्वेच रोज करायला लावतेय.

त्याच घाटकोपरला, त्याच वर्षी, ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली. पुलावरून चार पावलं चाललं की पोचतो. तिथे लिफ्ट आहे, प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीवर आहेत. शहर तेच आणि माणसंही तीच. हो, मेट्रो नवी आहे आणि आपली रेल्वे १८५३ ची, हे मान्य. जुन्या कोडमध्ये बदल करणं किती जिकिरीचं असतं ते मला कुणी सांगायला नको, पोट त्यावरच चालतं. पण ज्या सिस्टिमवर रोज सत्तर लाखांच्या घरात लोक येतात तिला 'जुनी आहे' म्हणून सोडून देत नाहीत. उलट तिच्याकडे जास्त लक्ष देतात.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात पळवाट होती. वाहतूक यंत्रणांनी हे सगळं आपल्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढं करायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत रेल्वे स्टेशन आणि प्लॅटफॉर्म स्पष्टपणे घातले, आणि जुन्या इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं कायद्याला धरून नाही, बंधनकारक किमान नियम करा. म्हणजे इतकी वर्षं आपण 'जमल्यास करावे' या पायावर उभे होतो. 'विकलांग'चं 'दिव्यांग' करायला २०१५ च्या डिसेंबरातलं एक भाषण पुरलं. जिन्याचं काय करायचं?

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, असे प्रवासी आहेत तरी किती? आमच्या स्टेशनावर तर कुणी व्हीलचेअरवाला दिसत नाही! अहो, लॉगिनचं पानच ज्याच्यापुढे उघडत नाही तो युजर लॉगमध्ये दिसणार कसा? माझी आईसुद्धा शनिवारी कुठल्याच मोजणीत आली नाही. तिकीटच काढलं नव्हतं.

दुसरा आक्षेप, धडधाकट पोरंच लिफ्ट वापरतात, म्हणून ती बिघडते, म्हणून ती बंद ठेवावी लागते. वापरतात, खरंय. मीही मोठी बॅग घेऊन येतो तेव्हा वापरतो. पण लोक वापरतात म्हणून बंद ठेवायची हा न्याय इंडिकेटरला लावाल का? गर्दी जास्त म्हणजे लिफ्ट कमी पडतात एवढाच त्याचा अर्थ. आणि मंडळी, आज आपण तीन-तीन पायऱ्या एकदम चढतो हे ठीक आहे. पण फुटबॉल खेळताना एक घोटा मुरगळू दे, घरात एक बाळ येऊ दे, आईबाबांना सत्तरी गाठू दे.. प्रत्येकाचं नाव या यादीत येणार आहे, फक्त तारीख पडायची आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. लिफ्ट आणि प्लॅटफॉर्मची फट या दोन गोष्टी सुविधांच्या सदरातून काढून सिग्नल आणि रुळांच्या शेजारी ठेवा. किती लिफ्ट बसवल्या ते मोजू नका. रस्त्यापासून डब्यापर्यंत एकही पायरी न चढता किती स्टेशनांवर जाता येतं ते मोजा. गाड्यांचा वक्तशीरपणा मोजता तशी लिफ्ट किती तास चालू होती तेही मोजा, आणि स्टेशनाच्या दारातच लावा. बंद असेल तर कधी चालू होणार ती तारीख पाटीवर लिहा. क्षमा वगैरे नको. स्टेशनं नटवणं चालू आहे, मे २०२५ मध्ये परळ, माटुंगा, चिंचपोकळी, वडाळा रोड या स्टेशनांचं अमृत भारत योजनेखाली उद्घाटनही झालं. चांगलंच आहे. पण रंगकाम आणि दगडी कमानी बघायला आत जाता तर आलं पाहिजे.

आपल्यालाही एक करता येईल. लिफ्ट बंद दिसली की आपण जिन्याकडे वळतो आणि विसरतो. त्याऐवजी दोन मिनिटं काढून तक्रार नोंदवा, फोटो आणि तारखेसकट. तिकीट उघडंच नसेल तर ते बंद करायची घाई कुणाला असणार?

असो. बारशाहून रात्री घरी आलो. आई जागीच होती. मुलाचं नाव काय ठेवलं, कोण कोण आलं होतं सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "आणि गाड्या? वेळेवर होत्या का रे?"

होत्या. दोन्ही वेळेला अगदी वेळेवर होत्या.