ईदचा फोटो आणि कॅमेऱ्याचा अंदाज

ईदच्या घरगुती फोटोत एक तक्रार ठरलेली: अम्मीचा काळा बुरखा राखाडी दिसतो आणि अब्बांच्या सफेद कुर्त्याचा नुसता पांढरा डाग होतो. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरूनच तो उजेड मोजतो. म्हणून चौकटीत बुरखे जास्त असले की फोटो उजळतो, कुर्ते जास्त असले की मळकट होतो. आमच्या टाकवे बुद्रुकला पावसाळ्यात धुक्याचंही तेच होतं. डोळ्यांना दुधासारखं, फोटोत धुरासारखं!

अशा वेळी कॅमेऱ्यावरचं अधिक-उणे बटण वापरावं. धुक्याला अधिक एक, बुरख्यांना उणे एक. एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवलं की झालं.

दोन्ही रंग एकत्र असतील तर सगळ्यांना सावलीत घ्या. भर उन्हात कुठलंच बटण पुरत नाही. तरीही शंका वाटली तर आम्ही फोटो किंचित काळसरच ठेवतो. अंधारातलं बरंच नंतर उजळता येतं, पण पांढऱ्यात जळून गेलेला कुर्त्यावरचा कशिदा परत येत नाही. दादीसोबतचा फोटो असेल तर मात्र आधी दादीचा चेहरा नीट येऊ द्या, मागचं आभाळ पांढरं झालं तरी चालेल. आणि फोटो उन्हात पडद्यावर बघून ‘छान आला’ म्हणू नका, सावलीत जाऊन बघा. तोवर कुणालाही जागेवरून हलू देऊ नका.