खारीक, संत्री आणि साफ्टा : शेजाऱ्याच्या मालावरचा कर शेवटी भरतो कोण?

जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले. आत १११५ टन माल होता, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. कागदांवर माल संयुक्त अरब अमिरातीचा दाखवलेला, पण तो पाकिस्तानातून दुबईमार्गे आल्याचे डीआरआयने जाहीर केले. आणि या मालात होते काय? तर सुकी खजूर, म्हणजे आपली साधी खारीक.

खोटी कागदपत्रे करून माल आणणे हा गुन्हाच आहे, त्याची बाजू घेण्याचे आम्हाला काहीच कारण नाही. पण सिंधमधल्या खैरपूरची खारीक आधी दुबईला न्यायची, तिथे कागद बदलायचे आणि मग मुंबईला आणायची, एवढा उपद्व्याप करूनही त्यात कुणाला पैसे सुटतात, याचा अर्थ समजून घ्यायला हवा. कराची आणि मुंबई या एकाच अरबी समुद्राच्या काठच्या बंदरांमधला व्यापार आपण किती महाग करून ठेवला आहे, ते या कंटेनरांनी दाखवून दिले.

ही खारीक फक्त शिरखुर्म्यात पडते असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. बाळंतिणीच्या लाडवात तीच असते, लग्नाकार्यात ओटी भरताना बदाम-हळकुंडाबरोबर तीच असते. उपवासाला चालणारे सैंधव मीठसुद्धा बरीच वर्षे पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतूनच येत होते. म्हणजे सीमेवरचा कर वाढला की तो मोहम्मद अली रोडवरही लागतो आणि सदाशिव पेठेतही लागतो.

थोडा इतिहास बघू. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा दिला. नाव मोठे फसवे आहे. त्यात लाड काहीच नाही, इतरांना जो कर लावतो तोच तुम्हालाही लावू, एवढाच त्याचा अर्थ. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी हा दर्जा काढून घेतला गेला आणि पाकिस्तानी मालावर सरसकट २०० टक्के आयात शुल्क लागले. २०१८-१९ मध्ये पाकिस्तानातून सुमारे ४९ कोटी डॉलरचा माल आला होता, पुढच्याच वर्षी तो दीड कोटी डॉलरच्याही खाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्या बाजूने व्यापार थांबवला. पहलगामनंतर २ मे २०२५ रोजी भारताने थेट आणि आडमार्गाने येणाऱ्या सगळ्या पाकिस्तानी मालावर बंदी घातली.

निरपराध माणसे मारली जातात तेव्हा सरकारने कठोर व्हावे, याबद्दल दुमत असायचे कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. पाकिस्तानचा प्रश्न इतका मोठा होऊन बसला की दक्षिण आशियातल्या सगळ्याच शेजाऱ्यांचा व्यापार त्याच्या सावलीत गेला. जिथे गोळी चालत नाही, तिथेही कर चालूच आहेत.

सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात झाली. आपसातले आयात शुल्क कमी करण्याचा पहिला करार, साप्टा, १९९३ चा. तो एकेका वस्तूवर घासाघीस करण्याचा प्रकार होता, त्यातून फारसे निघाले नाही. मग जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या परिषदेत साफ्टा, म्हणजे दक्षिण आशिया मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर सह्या झाल्या. तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी आपले शुल्क आधी २० टक्क्यांपर्यंत आणि मग ० ते ५ टक्क्यांपर्यंत आणायचे, बांगलादेश, नेपाळ, भूतान, मालदीव या अल्पविकसित देशांना जास्त मुदत, असा हिशेब होता. अफगाणिस्तान नंतर आले. त्या हिशेबाने २०१६ पर्यंत सगळे संपायला हवे होते.

संपले का? जागतिक बँकेचा २०१८ चा अहवाल सांगतो की दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारापैकी आपसातला व्यापार फक्त ५ टक्क्यांच्या आसपास आहे. आग्नेय आशियातल्या आसियान देशांत तोच २५ टक्के. आपसातला व्यापार २३ अब्ज डॉलरचा आहे, अडथळे हटवले तर तो ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकतो, असा त्या अहवालाचा अंदाज. आसियानमध्ये मलेशिया-सिंगापूरचे भांडण नव्हते की व्हिएतनाम-कंबोडियाचे युद्ध झाले नव्हते? सगळे झाले होते. तरी त्यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले काम पुरे केले.

मग आपले गाडे अडले कुठे? पहिले उत्तर म्हणजे ‘संवेदनशील यादी’. करारात अशी पळवाट आहे की प्रत्येक देशाने आपल्या नाजूक वस्तूंची यादी करावी आणि त्यावरचे शुल्क कमी करू नये. झाले, प्रत्येकाने लांबलचक याद्या केल्या. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या याद्या छाटल्यानंतरही नऊशेच्या वर वस्तूंच्या राहिल्या. ज्या मालाला शेजारी खरोखर गिऱ्हाईक आहे, नेमका तोच यादीत.

दुसरे उत्तर जास्त चलाखीचे आहे आणि ते आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. साफ्टा सीमाशुल्काबद्दल बोलतो. पण सीमाशुल्काच्या शेजारी दुसऱ्या नावाने कर उभा केला तर? बांगलादेशात ‘पूरक शुल्क’ आहे, ‘नियामक शुल्क’ आहे. श्रीलंकेत ‘सेस’ आहे, बंदर-विमानतळाच्या नावाने वेगळी वसुली आहे. समोरच्या दारातून कर बाहेर काढायचा आणि मागच्या दाराने आत घ्यायचा.

वरुड, मोर्शी, काटोल या भागातल्या संत्र्याचे सर्वात मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. नागपुरी संत्रा टिकायला नाजूक, लांबच्या जहाजप्रवासाला फारसा चालत नाही. ट्रकने पश्चिम बंगालमार्गे ढाक्याला पोचणे हाच त्याचा खरा रस्ता. २०१९ ते २०२३ या चार वर्षांत बांगलादेशने संत्र्यावरचे किलोमागचे शुल्क चौपटीहून जास्त वाढवले. फळ म्हणजे चैनीची वस्तू, डॉलर वाचवायचे तर त्यावर कर लावा, असा ढाक्याचा हिशेब. निर्यात घसरली, माल देशातच तुंबला, बागेतले भाव पडले. शेवटी महाराष्ट्र सरकारला संत्रा निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. म्हणजे बांगलादेशच्या तिजोरीत जाणारा कर भरून काढायला महाराष्ट्रातल्या करदात्याचा पैसा! आणि तिकडे ढाक्यातल्या आजारी माणसाच्या घरी संत्री न्यायची तर तीही महागच. दोन्हीकडचा गरीब माणूस हा कर भरतो.

फक्त बांगलादेशला दोष देऊन मात्र चालणार नाही. आपला कांदा आठवा. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक कांदा निर्यातबंदी केली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी हसत हसत जाहीर टोमणा मारला होता की आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, निदान आधी कळवले असते तर बरे झाले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये ती उठली पण शुल्क राहिले. पुढे ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून गेले. लासलगावच्या शेतकऱ्याने लागवड करताना काय धरून चालायचे? आणि ढाक्याच्या व्यापाऱ्याने आपल्यावर भरवसा का ठेवायचा? आपला आयात कर त्यांनी कमी करावा अशी मागणी करताना, आपला निर्यात कर आपणच वरचेवर बदलत होतो, हे विसरून चालत नाही.

आता दुसरी बाजू, कारण शुल्क कमी झाले की सगळे खूश होतात असे नसते.

भारताने २०११ मध्ये मोठे पाऊल उचलले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मनमोहन सिंग यांनी ढाक्यात ४६ कापडी वस्तूंवरचे शुल्क काढण्याची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये मालदीवमधल्या अड्डूच्या परिषदेत अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची आपली संवेदनशील यादी ४८० वरून फक्त २५ वस्तूंवर आणली गेली. उरले ते दारू आणि तंबाखू. बाकी सगळे शून्य शुल्काने. तेव्हा ओरड झाली की आता बांगलादेशचा माल आपली बाजारपेठ बुडवणार. २०२३-२४ चे आकडे बघा : भारताने बांगलादेशला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला, तिकडून घेतला २ अब्जांपेक्षाही कमी. बुडवले कुणी कुणाला?

तरीही भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांची एक तक्रार खरी आहे आणि ती आम्हाला बाजूला सारता येत नाही, कारण त्या मागावर बसलेला माणूस बहुतेक ठिकाणी आपलाच आहे. साफ्टाच्या नियमाप्रमाणे अल्पविकसित देशातल्या मालात ३० टक्के मूल्यवर्धन तिथे झाले आणि वस्तूचा वर्ग बदलला की तो माल त्या देशाचा धरला जातो. म्हणजे चिनी कापडाचा शर्ट ढाक्यात शिवला तर तो बांगलादेशी ठरू शकतो आणि शून्य शुल्काने आपल्याकडे येतो. तेच चिनी कापड थेट आले असते तर त्यावर कर लागला असता. मालेगावच्या मागावरचे कापड या शर्यतीत मागे पडते, आणि ते बांगलादेशी शिंप्यामुळे नव्हे तर चिनी गिरणीमुळे. हा फरक सांगितला पाहिजे, नाहीतर राग चुकीच्या माणसावर निघतो.

नेपाळचे उदाहरण तर याहून उघडे आहे. नेपाळमध्ये पामची झाडे नाहीत आणि सोयाबीनही फार थोडे होते. पण बाहेरून कच्चे तेल आणायचे, तिथे शुद्ध करायचे आणि भारतात शून्य शुल्काने पाठवायचे, हा धंदा तिथे जोरात चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने खाद्यतेलावरचे शुल्क वाढवले. हेतू असा की सोयाबीनला भाव मिळावा. त्यानंतर नेपाळमार्गे येणारे सोयाबीन तेल एकदम वाढले. लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याचे सोयाबीन ४८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते, त्या हंगामातली ही गोष्ट. फक्त नेपाळच्या तेलामुळे भाव पडले असे आम्ही म्हणणार नाही, पण सरकारने बांधलेल्या बांधाला ते एक मोठे भगदाड होतेच.

यावर उपाय म्हणजे शेजाऱ्याचे दार बंद करणे नाही. मूळ देशाचा नियम कडक हवा, तपासणी खरी हवी. आपल्या सीमाशुल्क खात्याचे २१ सप्टेंबर २०२० पासूनचे नियम आयातदारावरच जबाबदारी टाकतात की माल खरोखर त्या देशात तयार झाला आहे हे दाखव. ते नियम कापडाला आणि तेलाला नीट लावले तर मालेगावचा कारागीर आणि लातूरचा शेतकरी, दोघांनाही श्वास घेता येईल, आणि ढाक्याच्या शिलाई कामगार बाईची नोकरीही जाणार नाही.

घडले मात्र उलटे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशला दिलेली ट्रान्सशिपमेंटची सोय काढली. बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारे भारतीय सूत थांबवले. १७ मे २०२५ ला भारताने सांगितले की बांगलादेशचे तयार कपडे आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील. शुल्क अजूनही शून्यच आहे, पण जो ट्रक नाका ओलांडून काही दिवसांत पोचायचा, त्या मालाने आता श्रीलंकेला वळसा घालून मुंबईला यायचे! आणि सूत थांबले त्याचा फटका विदर्भ-मराठवाड्याच्या कापसालाच, कारण त्या सुताचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेशच आहे.

या विषयावर बोलताना एक अडचण येते, तीही सांगून टाकतो. मुसलमानाने बांगलादेश किंवा पाकिस्तानशी व्यापाराचा शब्द काढला की त्याच्या निष्ठेवर बोट ठेवले जाते. संत्र्याच्या शुल्कावर वरुडचा शेतकरी बोलला तर तो शेतीचा प्रश्न, आम्ही बोललो तर भलताच प्रश्न. म्हणून आमच्यातले बरेच व्यापारी गप्प बसतात. पण या धंद्यात मशीद बंदरचा सुकामेव्याचा व्यापारी, वाशीच्या मार्केटचा आडत्या, भिवंडीचा मागवाला हे सगळे आहेत. आपल्या पोटाचा हिशेब आपणच मांडला नाही तर तो दुसरा कुणी मांडणार नाही.

मांडायची वेळही आता आली आहे. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही, त्यामुळे साफ्टाची दुरुस्ती करायला नेते एकत्र बसतच नाहीत. अशात बांगलादेश आणि नेपाळ हे दोन्ही देश अल्पविकसित गटातून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख आहे २४ नोव्हेंबर २०२६. ती पुढे ढकला, अशी मागणी ढाक्यातले उद्योजक करत आहेत. बाहेर पडल्यावर शून्य शुल्काची सवलत जाते. मालदीवबाबत साफ्टाच्या १२ व्या कलमात खास तरतूद आहे, गटातून बाहेर पडले तरी त्यांची सवलत राहते. बांगलादेश-नेपाळला अशी तरतूद नाही.

म्हणजे भारताच्या हातात पहिल्यांदाच काही देण्यासारखे आहे. शून्य शुल्क पुढे चालू ठेवतो, त्या बदल्यात संत्रा-द्राक्षावरचे पूरक आणि नियामक शुल्क काढा, सुतासाठी नाके उघडा, शर्टाचे कापड या भागातलेच असेल असा नियम मान्य करा, असा सौदा दिल्ली ढाक्यापुढे ठेवू शकते. महाराष्ट्रातल्या खासदारांनी, मग ते अमरावतीचे असोत, नाशिकचे की भिवंडीचे, वाणिज्य मंत्रालयाकडे हा मसुदा लेखी मागायला हवा, आणि तोही संत्र्याचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत.