बियाण्याचें फळ आधीं राखा!

परसांतल्या वेलाला दहा दुधी लागले, तर पहिले कोंवळे नऊ आपण भाजींत घालतों आणि पाल्याआड नजर चुकवून राहिलेला शेवटचा निबर दुधी 'असूं द्या बियांना' म्हणून सोडतों. पुढल्या सालीं वेल रोडावला, उशिरां फळला, कीं बियाण्याला शिव्या देऊन बाजारांतून पाकीट आणतों. शेतकरी बंधुभगिनींनो, दोष बियाण्याचा कीं आपला? जो वेल उशिरां फळतो त्याचेंच बीं उरवून आपण वर्षानुवर्षें उशीरच पेरीत आलों!

आम्ही पाकिटाचे वैरी नाहीं. संकरित बीं जोमानें वाढतें, एकसारखें फळतें, हें खरें. परंतु त्या फळांतलें बीं धरून पेरलें कीं कोणी आजीच्या वळणावर जातें, कोणी आजोबांच्या, आणि पीक विस्कटतें. मग दर सालीं दुकानाची पायरी चढणें आलें. हें विस्कटणें दैवाचा कोप नव्हे. त्याला नियम आहे, आणि तो शोधला ग्रेगोर मेंडेल या एका शेतकऱ्याच्या मुलानें. ब्रनो शहरांतील मठाच्या बागेंत १८५६ पासून सुमारें आठ वर्षें तो वाटाणे पेरीत होता. उंच व ठेंगण्या जातींचा त्यानें संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सगळे उंच आले. दुसऱ्या पिढींत सुमारें तीन उंचांमागें एक ठेंगणा पुन्हां निघाला. १८६५ सालीं त्यानें हें विद्वानांपुढें वाचलें. त्याची खरी किंमत जगाला १९०० सालीं कळली.

परसबाग करणाऱ्यानें यांतून काय घ्यावें? विस्कटलेलें पीक उपटून फेकूं नये. संकरित टोमॅटोच्या बियांतून आलेल्या रोपांत एखादें आपल्या मातीला, आपल्या पावसाला मानवणारें निघतें. त्याचेंच बीं धरावें. पुढल्या सालीं त्यांतलें उत्तम पुन्हां धरावें. सहा-सात पिढ्या हा क्रम राखला म्हणजे वाण बहुधा स्थिर होतो, आणि तो आपला होतो. मोठें फळ पाहून भुलूं नये, झाड पाहावें. लवकर फळणारें, रोगाला न बधणारें, शेवटपर्यंत हिरवें राहणारें झाड हेरून फळें कोंवळीं असतांनाच त्याला चिंधी बांधावी आणि घरांत बजावून ठेवावें कीं, हें खायचें नाहीं.

टोमॅटो, वाल, वाटाणा यांचें बीं बहुतेक शुद्ध राहतें. वांगें, मिरची, भेंडी यांत किडे भेसळ करतात. म्हणून दोन जाती जवळ लावूं नयेत. दुधीचीं नर व मादी फुलें वेगळीं असतात. तीं सांजवेळीं उमलतात. त्याआधींच दोन्हींच्या कळ्या दोऱ्यानें बांधाव्या, सांजेस सोडून नराचा पराग मादीला लावावा व मादी पुन्हां बांधावी. ज्या वेलाचा कोंवळा दुधी चाखतां कडू लागेल तो थुंकून टाकावा. तसला दुधी विषारी असतो, आणि त्या वेलाचें बींहि नको. वांगें झाडावरच पिवळें पडूं द्यावें, दुधी वेलावर वाळूं द्यावा. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून धुवावा. तळीं बसेल तें बीं घ्यावें. मग सावलींत खडखडीत वाळवून, राख मिसळून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. डब्यावर वाणाचें नांव व साल लिहावें.

हें काम पोथ्या वाचणाऱ्यांचेंच आहे असें कोणी समजूं नये. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां गांवरान वाणांचें बियाणें जमविलें, वांटलें, आणि २०२० सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली. आपल्या आयाबायांनीं पिढ्यान्‌पिढ्या गाडग्यामडक्यांत जें राखलें, त्याला विद्या म्हणावयास आपणच लाजलों.

कायदाहि आड येत नाहीं. पीक वाणांचें संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयींच्या २००१ च्या कायद्याचें ३९ वें कलम शेतकऱ्याला आपलें बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, वांटण्याचा व विकण्याचाहि हक्क देतें; संरक्षित वाणाचें बियाणें मात्र छापाच्या पाकिटांत घालून विकतां येत नाहीं. हक्क कागदावर आहे. पण डब्यांत बींच नसेल तर तो हक्क घेऊन काय करायचें?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, येत्या हंगामांत प्रत्येक घरानें एक तरी वाण हातीं धरावा. पहिलें उत्तम फळ बियाण्याला, मग ताटाला. आणि मूठभर बीं शेजारणीला द्यावें. आपलें गेलें तर तिच्याकडे सांपडेल.